चिंचेने उजळलेली फुलदाणी

"अहो, हंडा आहे हो तो! बॉम्ब नाही!" मुंबई विमानतळाच्या दारात आमचे वडील, दादा, असे ओरडले की आतलं एखादं विमान दचकून मागे सरकलं असावं. माझ्या पोटाशी धरलेला तांब्याचा हंडा दारावरचा जवान पुन्हा पुन्हा ठोकून बघत होता.

दादा पुण्याच्या तांबट आळीतले. त्यांच्या हातोड्याने कसबा पेठेतली कबुतरं पिढ्यान्‌पिढ्या बहिरी जन्मली, असं मी इकडे इंग्लंडात सांगतो; इंग्रज गंभीरपणे माना डोलावतात. स्टील आलं, प्लॅस्टिक आलं, आळी गप्प होत गेली. मला आयटीत नोकरी लागली तेव्हा दादा म्हणाले, "जा तू. इथे आता लोक फक्त फोटो काढायला येतात."

मिल्टन कीन्सला त्या हंड्यात आम्ही छत्र्या ठेवतो. तिकडे राहिलेल्यांनो, कपाळावर हात मारू नका. आणि लंडनच्या वेम्बली-एजवेअरवाल्यांनो, हसू नका. तुमच्याही हॉलमध्ये असलं काहीतरी आहे, मी पाहिलंय.

यंदा दादा आले. शेजारच्या जपानी हारुको आजींनी त्यांच्यासाठी फुलं पाठवली, तांब्याच्या एका रुंद तोंडाच्या, काळ्या-जांभळ्या फुलदाणीत. आता शेजारणीचं भांडं आपण कळकट आणि रिकामं परत करतो का? फुलं सुकल्यावर दादांनी सिंकपाशी बाह्या सरसावल्या. चिंच, मीठ आणि हातोड्यावर पोसलेले खांदे. मी ऑफिसातून आलो तर किचनमध्ये सूर्य उगवलेला! राउंडअबाउटवरच्या गाड्यांनी हेडलाइट बंद केले असतील.

"बिचारीकडे घासायला माणूस नाही वाटतं," दादा खुशीत म्हणाले. आत बेसनाचे लाडू भरून निघाले. मी दुभाषा.

आजींनी फुलदाणी दोन्ही हातांत घेतली. उजेडाकडे धरून सगळीकडून फिरवून पाहिली. मग हळूहळू सांगितलं. त्यांचे पणजोबा तलवारीच्या मुठी मढवायचे. नवं राज्य आलं, तलवारी बंद झाल्या, तेव्हा त्याच हातांनी ते विलायती गिऱ्हाइकांसाठी फुलदाण्या घडवू लागले. तो काळा रंग मळ नव्हता. कसल्याशा पाण्यात उकळून उकळून त्यांनी तो तांब्यातून बाहेर काढला होता. तोच तर त्यांचा हात होता.

मी मराठीत सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा एक शब्दही वाढवला नाही.

दादा तिथेच पायरीवर बसले. "कारागिराचं काम मी पुसलं रे," म्हणाले. आणि मग, "विचार त्यांना, घरात कोणी करणारं असेल ना? मी पाया पडतो त्याच्या. रंग परत चढवून दे म्हणावं."

बिघडलेलं नीट करणारं माणूस जिथे असतं ते घर, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. पुण्यातलं तसलं घर संपलं, हे मला ठाऊक होतं. निदान जपानात एखादी आळी चालू असावी, म्हणून मी जीव मुठीत धरून विचारलं.

"नातू आहे," आजी म्हणाल्या. "मँचेस्टरला. आयटीत."