फोनवरून पाहिलेली खडीची वाट

जपानमधल्या ग्योतोकुच्या एका इमारतीत पाचव्या मजल्यावर राहणारी उल्का सरनोबत रोज संध्याकाळी पाच वाजता फ्रान्सला फोन लावायची. तिकडे तेव्हा सकाळचे नऊ-दहा वाजलेले असत. हातात पेन्सिल, समोर नकाशा, आणि मांडीवर तीन वर्षांची सलोनी. "नऊ किलोमीटरपासून पुढे खडी कशी आहे? बारीक की मोठी? पावसात चिखल होतो का?" असं ती फ्रेंचमध्ये विचारायची आणि उत्तरं इंग्रजीत उतरवून घ्यायची.

हे काम तिला अगदी अवचित मिळालं होतं. लग्न होऊन ती १९९२ साली जपानला आली ती नवऱ्याच्या मागोमाग. जयप्रकाश तोयोसुच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर लिहायचा. सकाळी साडेसातला जायचा आणि परत यायचा तेव्हा सलोनी झोपलेली असायची. करार दर वर्षी एकेक वर्षाने वाढायचा, त्यामुळे "पुढच्या वर्षी परत जाऊ" हे वाक्य घरात दर मार्चला बोललं जायचं. उल्का पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये चार वर्षं फ्रेंच शिकली होती. त्या फ्रेंचचा ग्योतोकुत काडीचा उपयोग नव्हता. जपानी तिला दुकानापुरतं आणि कचरा वेगळा करण्यापुरतं येत होतं.

एक दिवस सिटी हॉलच्या फळ्यावर चिठ्ठी दिसली: फ्रेंच बोलणारी व्यक्ती हवी, पार्ट-टाइम, घरून चालेल. चिठ्ठी लावणारे मिझुनो-सान साठीचे होते. निवृत्त लोकांना घेऊन ते दर वर्षी फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून सायकलवर फिरायचे. मोटारींचे रस्ते टाळून, जुन्या कालव्यांच्या काठाने. पूर्वी नावा ओढणारे घोडे ज्या वाटांनी चालायचे, त्याच या वाटा. आता तिथे खडी पसरलेली, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला झाडं, आणि दिवसभरात एक गाडी दिसणार नाही. मिझुनो-सानना तिथला प्रत्येक किलोमीटर आधी माहीत हवा असायचा, पण फ्रेंचमध्ये "नमस्कार"च्या पुढे त्यांची मजल जात नव्हती.

उल्काने दीड वर्षात अशा सहा वाटा कागदावर उतरवल्या. पिण्याचं पाणी कुठे, पूल कुठे अरुंद, मुरूम कुठे सैल आहे आणि चाक कुठे घसरतं, सगळं. कालव्यात नावा खाली-वर करणाऱ्या पाण्याच्या दरवाज्यांशी राखणदारांची घरं असत. त्यांपैकी एका घरात मादाम गियो नावाची बाई सायकलवाल्यांना उतरवून घ्यायची. ती बोलकी होती. "तुम्ही एवढं विचारता, एकदा येऊन बघा ना!" असं ती प्रत्येक फोनच्या शेवटी म्हणायची. "येते, पुढच्या वर्षी," उल्का म्हणायची. फोन ठेवला की ती तशीच बसून राही. समोर काचेचं सरकतं दार, दाराबाहेर हातभर रुंदीचा सज्जा, आणि पलीकडे तसलीच दुसरी इमारत.

१९९६च्या जानेवारीत मिझुनो-साननी विचारलं, "उल्का-सान, मे महिन्यात आमच्याबरोबर याल? दुभाषी म्हणून. अकरा दिवस."

तिने जयप्रकाशला सांगितलं. तो नाही म्हणाला नाही. तो कधीच नाही म्हणायचा नाही.

"जा की. पण सलोनीला कोण बघणार? माझं मेमध्ये नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज आहे."

"आईंना बोलावू या?"

"बोलाव. पण त्यांना इथे जमेल का, ते बघ."

फ्रान्सच्या व्हिसाला नवऱ्याच्या कंपनीचं पत्र लागत होतं, नवऱ्याची हमी लागत होती, जपानमध्ये परत येण्याची परवानगीही लागत होती. तिच्या नावावर इथे काहीच नव्हतं. जिथे जाईल तिथे तिला नवऱ्याचा कागद पुढे करावा लागला. पत्र आणायला जयप्रकाश चार वेळा विसरला, पाचव्यांदा त्याने आणलं. एप्रिलमध्ये पासपोर्टवर शिक्का बसला, आणि त्याच आठवड्यात कोल्हापूरहून लीलावतीबाई आल्या.

लीलावतीबाई म्हणजे जयप्रकाशची आई, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली, सडसडीत बाई. आल्या दिवशीच त्या म्हणाल्या, "अकरा दिवसांचं काय घेऊन बसलीस? चाळीस पोरांचा वर्ग सांभाळलाय मी."

जाण्याआधी एकदा सराव म्हणून मिझुनो-सान सगळ्यांना घेऊन एदोगावा नदीच्या बांधावर गेले. उल्काही गेली. पुण्यात कॉलेजला ती रोज सायकलनेच जायची, पण इथे तिची सायकल स्टेशन आणि सुपरमार्केटपलीकडे गेली नव्हती. बांधावर दोन्ही उतारांना पिवळी फुलं दाटली होती. वर नुसती खडीची वाट, मोटारीचा आवाज नाही. पहिल्या तासात तिचे पाय भरून आले, दुसऱ्या तासात ती विसरली की आपल्याला पाय आहेत. खडी चाकाखाली कशी करकरते हे दीड वर्ष ती दुसऱ्यांना विचारत होती. आता तो आवाज तिच्या स्वतःच्या सायकलचा होता. ती मोठ्याने हसली, तेव्हा पुढची म्हातारी बाई वळून बघायला लागली.

साडेतीनला ती घरी पोचली. कुलूप उघडलं, पण दार तीन बोटंच उघडलं. आतून साखळी लावलेली होती.

"आई?"

फटीतून दिसलं ते असं: सलोनी जमिनीवर झोपलेली, गालावर सुकलेले ओघळ. तिच्या पलीकडे काचेचं दार. आणि काचेबाहेर, सज्ज्यात, ओल्या चादरीत गुंडाळून बसलेल्या लीलावतीबाई.

साडेदहाला त्या कपडे वाळत घालायला बाहेर गेल्या होत्या. सलोनीने खेळता खेळता दाराची खिट्टी फिरवली. नंतर तिला ती उलटी फिरवता येईना. पाच तास होत आले होते.

"सलोनी! ऊठ बाळा!"

सलोनी उठली ती रडतच. "याददा!" तिला नको म्हणायचं असलं की ती शेजारच्या मुलांसारखं जपानीतच म्हणायची.

"रडू नको. आजीकडे जा. ती खिट्टी आहे ना, काळी? तिचा कान धर."

"मामा, आकेते!" शेजारच्या मुलांसारखं ती आईलाही 'मामा' म्हणायची; तिला वाटत होतं आईनेच दार उघडावं.

"मला येता येत नाही ग. तूच उघड. कान खाली ओढ. दोन्ही हातांनी."

काचेपलीकडून लीलावतीबाईही हाताने तसंच करून दाखवत होत्या. तीनदा सलोनीचे हात निसटले. चौथ्यांदा खिट्टी फिरली. लीलावतीबाई आत आल्या, सरळ चालत दारापाशी गेल्या आणि साखळी काढली. त्यांची बोटं बर्फासारखी गार होती.

चहा घेताना त्यांनी हळूहळू सांगितलं. समोरच्या इमारतीत एक बाई कपडे वाळत घालायला आली होती. "मी दोन्ही हात हलवले. हाका मारल्या. ती कंबरेत वाकली, छान हसली आणि आत गेली. तिला वाटलं, मी रामराम घालतेय." त्या स्वतःच हसल्या. मग त्यांनी कप खाली ठेवला.

"जयूला सांगू नकोस," त्या म्हणाल्या.

"का?"

"तो तुला जाऊ देणार नाही. मी चुकले, साखळी लावायला नको होती. आता कळलं ना, जमेल मला."

उल्काने सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून लीलावतीबाई सज्ज्याकडे पाठ करून बसू लागल्या. धुतलेले कपडे न्हाणीघरातच ठिबकत राहिले. उल्का घरात असतानाही त्यांनी काचेच्या दाराच्या खाचेत चप्पल अडकवून ठेवली होती. चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं, "उल्का, 'वाचवा' कसं म्हणायचं ग यांच्यात?"

"तास्केते कुदासाई."

त्यांनी ते कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर देवनागरीत लिहून घेतलं आणि फ्रिजवर चिकटवलं. मग भाजी चिरताना, पोळ्या लाटताना, त्या पुटपुटायला लागल्या: तास्केते कुदासाई, तास्केते कुदासाई. सलोनीला तो खेळ वाटला. ती आजीमागे टाळ्या वाजवत तेच ओरडत फिरायची. नकाशावर वाकलेल्या उल्काच्या कानावर दिवसभर ते पडत होतं. असे तीन दिवस गेल्यावर तिने पेन्सिल खाली ठेवली आणि मिझुनो-सानना फोन केला. मला येता येणार नाही, माफ करा.

लीलावतीबाईंना कळलं तेव्हा त्या संतापल्या. "मी पाठ केलं ना ते! कशाला केलं मग?"

"आई, तुम्हाला इथे कोंडून मी तिकडे कशी फिरू?"

"आणि तू इथे कोंडून आहेस ते? चार वर्षं?"

दोघी एकमेकींकडे न बघता मटार सोलत बसल्या.

जयप्रकाश इतकंच म्हणाला, "बरं झालं एका परीने. रिलीजही पुढे गेलंय." त्याच्या चेहऱ्यावरचा सुटकेचा भाव त्याला लपवता आला नाही, आणि उल्काच्या नजरेतूनही तो सुटला नाही.

मे महिन्यात तिच्या जागी फ्रेंच शिकणारी एक जपानी विद्यार्थिनी गेली. संध्याकाळी पाचला उल्काने नेहमीप्रमाणे मादाम गियोला फोन लावला, माणसं नीट पोचली का ते विचारायला.

"पोचली, पोचली! काल संध्याकाळीच. भिजली होती, पण खूष आहेत. आत्ता न्याहारी चाललीय." मागून हसण्याचे, भांड्यांचे आवाज येत होते. "तुम्ही कुठे आहात? यादीत तुमचं नाव होतं."

"मी घरी आहे," उल्का म्हणाली.

"तुमचं घर कुठे?"

उल्काने काचेबाहेरच्या सज्ज्याकडे बघितलं. "जपानमध्येच," ती शेवटी म्हणाली.

जूनमध्ये लीलावतीबाई परत गेल्या. विमानतळावर त्यांनी उल्काच्या कानात सांगितलं, "पोरीला पाळणाघरात घाल. जयूला विचारत बसू नकोस." जपानी पाळणाघरात जागा मिळायला आई नोकरी करते असा दाखला लागत होता. मिझुनो-साननी तो लगेच दिला, गोल शिक्का मारून. नवऱ्याचा कागद न लागलेलं हे तिचं पहिलं काम. अर्ज दोनदा परत आला. १९९७च्या एप्रिलमध्ये सलोनीला जागा मिळाली, चार वाजेपर्यंतची.

तेव्हापासून दर बुधवारी उल्का सायकल घेऊन बांधावर जाऊ लागली. एकटी. जयप्रकाशला माहीत होतं. तो नाही म्हणाला नाही. फ्रान्सच्या व्हिसाची मुदत केव्हाच संपली होती, करार पुन्हा एका वर्षाने वाढला होता, आणि मिझुनो-साननीही मग तिला तिकडे येण्याबद्दल विचारायचं सोडून दिलं होतं.

एका बुधवारी ती मात्सुदोपर्यंत पोचली. वाटेत एक आजोबा कुत्र्याला घेऊन चालले होते. तिने मोडक्यातोडक्या जपानीत विचारलं, ही वाट पुढे कुठवर जाते?

"सेकियादोपर्यंत," आजोबा हात लांब करून म्हणाले. "तिथे नदीला फाटा फुटतो. अजून चाळीस किलोमीटर. वाट चांगली आहे, जा."

उल्काने घड्याळ बघितलं. दोन वाजून दहा मिनिटं. तिने वाकून त्यांचे आभार मानले, सायकल वळवली आणि वारा समोरून असतानाही जोरात पेडल मारायला लागली. पाळणाघराच्या दारात ती चारला पाच कमी असताना पोचली.