झाडाला दिलेलं आवतन

एम.एस्सी. झाल्यावर मी औरंगाबादला एका प्रयोगशाळेत होते. काम असं: अर्जुनाच्या सालीचा अर्क उंदरांना आधी पाजायचा, मग त्यांच्या काळजाला इजा करायची आणि किती पेशी तगल्या ते बघायचं. अर्क प्यालेल्यांच्या जास्त तगायच्या. सालीतली अँटिऑक्सिडंट्स पेशींना सांभाळत असावीत, असं आमचे सर म्हणायचे. ‘असावीत’ हा शब्द ते कधी गाळत नसत.

केदारखेड्याला घरी हे सांगितलं तर बाप हसला. "हे माझ्या आज्यालाबी म्हाईत होतं. त्याच्यापायी उंदरं कशाला मारता?"

बापाला आदल्या साली झटका येऊन गेल्ता. काळजाचा एक तुकडा मेला होता, आणि मेलेली पेशी कुठल्याच सालीनं उठून बसत नाही, हे मी घसा कोरडा करून सांगितलं. तो मान डोलवायचा. गोळ्या घ्यायचा, आणि पूर्णेकाठच्या अर्जुनाची साल दुधात उकळूनही प्यायचा. साल आणायची त्याची रीत पक्की. शनिवारी सांजच्याला झाडाला हळदकुंकू वाहून आवतन द्यायचं, रविवारी दिवस उगवायच्या आत, कुणाशी न बोलता साल काढायची. मधल्या वेळात गावाची शीव ओलांडायची न्हाई, नाहीतर झाड गुण देत नाही म्हणे.

एकदा मी सुट्टीला घरी होते. त्या शनिवारी तो आवतन देऊन आला आणि ओसरीवर छाती धरून बसला. सदरा घामानं भिजला. तालुक्याच्या दवाखान्यात न्यायला मी जीप आणून दारात उभी केली.

"बिलकुल न्हाई," तो म्हणाला. "झाडाला शब्द दिलाय. सकाळी जाऊ."

मी भांडले, पाया पडले. आईला म्हटलं, तू तरी सांग. ती माझ्यावरच उखडली, "औषधाला नाट लावू नको." जीपवाला वाट बघून निघून गेला. मला त्या झाडाचा इतका राग आला, अजूनही येतो.

सकाळी साल आईनं आणली. दूध चुलीवर होतं तेव्हाच बाप गेला.

तेराव्यानंतर भाकरी थापता थापता आईनं विचारलं, "तुमचे उंदरं जगत्यात, मंग हे का न्हाई जगले?"

"त्यांना आम्ही आधी पाजतो, आई. इजा नंतर होते."

तिचा हात थांबला. "तुम्हाला बरं कळतंय, इजा कधी व्हनार ते."

"आम्हीच करतो ना," मी म्हटलं.