पंधरा लिटरचं पातेलं

कॉलेजच्या ग्रुपवर तो निरोप आला तेव्हा मी सिटी बसमध्ये उभी होते. 'निर्वासितांच्या पुनर्वसनासाठी काम करणाऱ्या संस्थेत इंटर्नशिपच्या संधी.' मी तो तीनदा वाचला आणि माझा स्टॉप मागे गेला. मी एकवीस वर्षांची, समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाला, आणि अंगात उत्साह इतका की आई म्हणायची, हिला सकाळी चहा देत जाऊ नका रे कोणी. निर्वासित! पुनर्वसन! मला विमानतळ दिसले, तंबू दिसले, गळ्यात ओळखपत्र आणि वाऱ्यावर उडणारे माझे लांब केस दिसले. माझे केस तेव्हा मानेपर्यंतही नव्हते.

संस्थेचं ऑफिस निघालं गंगापूर रोडला, एका फरसाणाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. जिना चढताना तळणाचा असा वास यायचा की जगाच्या दुःखाबद्दलचे माझे सगळे विचार शेवेपाशी येऊन थांबायचे. संस्था चालवणाऱ्या ताई पन्नाशीच्या होत्या, आवाज थेट शाळेच्या मुख्याध्यापिकेचा. संधी तीन होत्या. अहवाल लिहायचे, मुलांना शिकवायचं, नाहीतर घर लावायचं. अहवालांसाठी झुंबड होती, कारण त्या खोलीत एसी होता. ताईंनी मला एकच प्रश्न विचारला, "गाद्या उचलता येतात का?"

मी म्हटलं, "हो."

"मग तू घर लावायला ये."

आईनं सोसायटीत सांगून टाकलं की मुलगी परराष्ट्रांचं बघते. मी काही खोडून काढलं नाही.

घर लावायचं म्हणजे येणारं कुटुंब दारात पाऊल टाकेल तेव्हा आत अंथरूण, गॅस, भांडी, मीठ-साखर सगळं तयार हवं. पण आधी घर मिळायला हवं ना! दिल्लीहून एक अफगाणी कुटुंब यायचं होतं. चार वर्षांत दिल्लीत त्यांच्या पाच खोल्या बदलून झाल्या होत्या. इथे ताईंनी शिवणकामाची नोकरी बघून ठेवली होती, कागदपत्रं केली होती, पोलीस ठाण्यात जाऊन आल्या होत्या. अडत होतं ते घरमालकांपाशी. पहिल्यानं 'अफगाणी' ऐकून फोन ठेवला. दुसऱ्यानं चहा पाजला, मुलाखत घेतली आणि मग त्याच्या भाच्याला अचानक त्या खोल्या लागणार आहेत असं त्याला आठवलं. तिसरं घर सिडकोत, अंबडच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या गल्लीत. खाली घरमालकीणबाई, वर दोन खोल्या आणि गल्लीवर उघडणारी गॅलरी.

या काकू देवळ्याच्या. लग्न होऊन नाशकात तीस वर्षं झालेली; बोलायच्या शहरासारखं, पण दचकल्या किंवा चिडल्या की थेट माहेरच्या अहिराणीत. त्या म्हणाल्या, "देईन मी घर. पण आधी माणसं बघीन, मग करारावर अंगठा देईन. आणि अंगठ्याच्या आधी वरच्या चुलीवर दूध उतू गेलं पाहिजे. नव्या भांड्यात. माझ्या घरात त्याशिवाय कोणी राहायला आलेलं नाही."

ताईंनी परत येताना रिक्षात मला बजावलं, "हे शेवटचं घर आहे. दिल्लीची खोली त्यांनी सोडली आहे. इथे फिसकटलं तर त्यांना परत जायलाही जागा नाही. तेव्हा डोकं थंड ठेव. आणि फाइल वाच."

डोकं थंड ठेवायचं मला ठाऊकच नव्हतं, आणि फाइल मी वाचली नाही. मला वाटलं, 'कुटुंब' एवढं कळलं की पुरे. अफगाणी कुटुंब म्हणजे आजोबा, आजी, काका, सहा-सात पोरं, असं माझं मी ठरवूनही टाकलं. भांडीबाजारात मी अशी काही शिरले की जणू घरात लग्न आहे. दुकानदार एकेक पातेलं दाखवत होता आणि मी म्हणत होते, "याहून मोठं?" शेवटी तो माळ्यावर चढला आणि दोन कड्यांचं, पंधरा लिटरचं पातेलं खाली आलं. मी त्यावर टिचकी मारली. काय नाद! एवढं एकच घेतलं, छोटी-मोठी घेत बसले नाही. सगळ्यांचं एकदम शिजेल म्हणून. वर दहा ताटं, दहा पेले. मग सहा गाद्या, ज्या मी खरोखरच स्वतः उचलून जिना चढवल्या. आदल्या संध्याकाळी त्या दोन खोल्यांच्या मधोमध उभी राहून मी स्वतःवर इतकी खूश होते की मला गाणं म्हणावंसं वाटलं, आणि मी म्हटलंही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाशिक रोड स्टेशनवर मी टेम्पो घेऊन हजर. हो, टेम्पो! गाडी आली, डबा रिकामा झाला, आणि माझ्यासमोर दोन बायका उभ्या राहिल्या. एक पस्तिशीची, खांद्यावर पिशवी. दुसरी तिची सासू, सत्तरीची, पांढरी ओढणी, हातात एक छोटी बॅग. मी त्यांच्या पाठीमागे वाकून बघत राहिले.

"बाकी लोग?" मी विचारलं.

"बाकी कौन?" सून म्हणाली.

एवढ्या मोठ्या टेम्पोत त्या दोघी चालकाशेजारी, मागे एक पिशवी, एक बॅग आणि फळीवर मी. चालक आरशातून बघून हसत होता. मला पातेलं आठवलं.

सिडकोत पोचलो तर काकू आधीच वर जाऊन बघून आल्या होत्या आणि कमरेवर हात ठेवून जिन्यात उभ्या होत्या. ताई करार करणाऱ्या एजंटला घेऊन आल्या होत्या. तो अंगठ्याचं यंत्र आणि लॅपटॉप मांडून खालच्या ओसरीवर बसला होता आणि साडेबाराला इंदिरानगरला पोचायचंय असं दर पाच मिनिटांनी सांगत होता. करार संस्थेच्या नावानं, राहणार त्या दोघी.

काकूंनी सासू-सुनेकडे पाहिलं, मग ताईंकडे. "तुम्ही म्हणाला होतात दोन बाया."

"दोनच आहेत."

"मग सहा गाद्या कोणाला? दहा ताटं कोणाला?" आणि मग आवाज चढला, "आणि हाई भगोनं शे का हौद शे? बाकीचे मागून येणार ना? आज दोन, उद्या वीस!"

मला जमिनीनं गिळलं असतं तर बरं झालं असतं. दोन घरं लोकांच्या भीतीनं गेली होती, आणि हे तिसरं मी माझ्या हातानं घालवत होते, भांडीबाजारातून वाजवून आणलेल्या पातेल्यानं. सून आमच्याकडे बघत होती. मराठी कळत नसलं तरी तिला कळलं होतं. तिनं खांद्यावरून उतरवलेली पिशवी पुन्हा खांद्यावर घेतली. ते मी अजून विसरलेले नाही.

मी रडायलाच लागले. "काकू, कोणी येणार नाहीये. मी गाढव आहे. मी फाइल वाचली नाही. मला वाटलं यांची घरं अशीच असतात, दहा-पंधरा जणांची. मी टेम्पोसुद्धा नेला स्टेशनवर!"

"टेम्पो?" काकू म्हणाल्या.

"मोठा टेम्पो. मी मागे फळीवर बसून आले."

काकूंनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं, चिडल्या. पण त्यांचे खांदे हलत होते. "दोन बायांना टेम्पो! ओ माय!" त्या जिन्यातच बसल्या. ताईंच्या चेहऱ्यावर मात्र हसू नव्हतं. त्यांची बोलणी मी नंतर ऑफिसात, फरसाणाच्या वासात, अर्धा तास उभं राहून खाल्ली.

"चला," काकू डोळे पुसत म्हणाल्या, "दूध लावा. उतू गेलं की अंगठा."

मी लिटरभर दूध आणलं होतं. ते त्या पातेल्यात ओतलं तर तळाला जेमतेम बोटभर. ते उकळलं, रटरटलं, आणि खालीच राहिलं. काठ कुठे, दूध कुठे! काकूंचं भांडं चालणार नव्हतं, भांडं नवंच हवं होतं, आणि घरात नवं भांडं ते एकच; भांडीबाजार तर पार जुन्या नाशकात. एजंट खालून ओरडला, "मॅडम, अकरा वाजले!" मी धावत सुटले. कोपऱ्यावरची डेअरी, मग चौकातली, मग पुढच्या गल्लीतलं किराणा दुकान. सिडकोच्या त्या भागातलं मिळेल तेवढं दूध मी पळवलं. बारा लिटर! घामानं निथळत परत आले आणि आम्ही तिघी-चौघी पिशव्या फोडत सुटलो.

गॅस मोठा केला. पाच माणसांनी एका पातेल्याकडे इतकं टक लावून बघितलेलं मी परत पाहिलेलं नाही. दूध हललं, साय आली, कडेनं बुडबुडे, मग सगळं मिळून वर, वर, वर, अगदी काठाशी. आणि एक सुरकुतलेला हात विजेसारखा पुढे आला आणि गॅस बारीक झाला.

सासूबाई! दूध खाली बसलं. त्या आमच्याकडे बघून मान हलवत हसल्या. आपण वेळेवर धावलो म्हणून.

मी गॅस पुन्हा मोठा केला. दूध वर आलं. त्यांनी पुन्हा बारीक केला, या वेळी माझ्या हातावर चापट मारून. सून म्हणाली, "अम्मा से देखा नहीं जाता. दूध तो हमने बहुत दिन नाप-नाप के पिया है."

काकूंचा चेहरा उतरला. शकुन दोनदा मोडला होता. त्या सुनेला म्हणाल्या, त्यांच्या हिंदीत, "देखो, गिरने का है. गिरना मंगता. नया घर है ना, भरके बाहर आना चाहिए."

सुनेनं ते सासूला त्यांच्या भाषेत सांगितलं. सासूबाई ऐकत राहिल्या. मग त्यांनी काहीतरी हळू विचारलं आणि सून आमच्याकडे वळली. "हमारे यहाँ कोई घर से निकलता है तो पीछे पानी डालते हैं. कि सही-सलामत लौट आए. अम्मा पूछ रही हैं, यहाँ आने वाले के लिए दूध गिराते हैं?"

"हां," काकू म्हणाल्या.

"जब हम निकले," सून म्हणाली, "तो पीछे पानी डालने वाला कोई नहीं था. सब निकल चुके थे."

सासूबाई पुढे झाल्या, ओढणी खोचली, आणि त्यांनी गॅसचं बटण शेवटपर्यंत फिरवलं.

मग जे झालं ते उतू जाणं नव्हे, पूर होता! पंधरा लिटरच्या पातेल्यातलं तेरा लिटर दूध एकदा उसळलं की ते कोणाचं ऐकतं? शेगडीवरून ओट्यावर, ओट्यावरून फरशीवर, फरशीवरून माझ्या चपलांत. काकू टाळ्या वाजवत होत्या. सासूबाई भाजलेलं बोट तोंडात घालून हसत होत्या, मी नाचत होते, आणि ताई, आमच्या मुख्याध्यापिका ताई, साडी गुडघ्यापर्यंत धरून एका पायावर उभ्या होत्या. बारा वाजून वीस मिनिटं झाली असताना काकूंनी खाली जाऊन अंगठा दिला. यंत्रानं दोनदा नाकारला, दुधानं ओला होता म्हणून.

उरलेल्या दुधाचं करायचं काय? सासूबाईंनी त्यात वेलची आणि साखर घातली आणि काकूंनी गॅलरीतून गल्लीला हाका मारल्या. ज्या बाया सकाळी पडद्याआडून बघत होत्या त्या आपापला पेला घेऊन वर आल्या, कारण दहा पेले पुरले नाहीत. गाद्यांवर दाटीवाटीनं बसल्या. मी ताईंकडे जरा ऐटीत बघितलं. ताईंनी दुसरीकडे बघितलं.

सहा महिन्यांनी माझी इंटर्नशिप संपली आणि मला पुण्यात नोकरी लागली. निरोप घ्यायला सिडकोत गेले तर सून कामावर होती. सासूबाईंनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, कपाळावर ओठ टेकले आणि मला जवळजवळ ढकलूनच खाली पाठवलं. मला जरा वाईटच वाटलं. एवढी घाई? मी स्कूटी सुरू केली, चाक जेमतेम फिरलं असेल, आणि मागून माझ्या पाठीवर, डोक्यावर, सगळ्या गल्लीवर धबाधबा पाणी कोसळलं.

वळून पाहिलं. गॅलरीत ते पातेलं होतं. एक कडी सासूबाईंच्या हातात आणि दुसरी काकूंच्या.

निघालेल्याच्या मागे पाणी टाकायचं असतं, आणि ते घरात राहणाऱ्यानं टाकायचं असतं. आज निघालेली मी होते. गल्लीत भिजून उभी राहून मी इतकी हसले आणि इतकी रडले की काय कशामुळे ओलं झालंय ते कळेना.

"वाटीभर टाकतात म्हणे!" काकू वरून ओरडल्या. "पण तुझं भगोनं आहे ना! आता पूस नको, तशीच जा. आणि लवकर ये व माय!"