शून्य हालून राह्यलं

"हाललं का गेलं!" असं म्हणून ते हातातली वस्तू जमिनीवर टेकवायचे. छत्री असो, झाडू असो. ती नाकासमोर सरळ धरायची आणि श्वास रोखायचा. चहाची वाट पाहतानासुद्धा ते असेच उभे.

बालाघाटच्या आमच्या सिंचन कार्यालयात ते खलाशी होते. खलाशी म्हणजे जहाजावरचा नव्हे. कालव्यासाठी उंची मोजताना आकड्यांची लांब पट्टी शेतात सरळ धरून उभा राहतो, त्याला आमच्याकडे खलाशी म्हणतात. साहेब दुरून दुर्बिणीतून आकडा वाचणार, मी तो ऑफिसात बसून पक्क्या वहीत उतरवणार. तीस वर्षं त्यांनी धरलं, मी लिहिलं. त्यांना शेतात पट्टी धरून उभं राहिलेलं मात्र मी कधी पाहिलं नाही.

हे आकडे समुद्रसपाटीपासूनचे. सपाटी म्हणजे शून्य.

"परसवाड्यापासून हट्ट्यापर्यंत सारं मोजलं, मॅडम, पण शून्य काही पाह्यलं नाही," ते म्हणायचे. "नावाचा खलाशी. बायको हासते मले."

त्यांच्या निवृत्तीला दोन महिने उरले आणि ऑफिसची गोव्याची सहल ठरली. यादी अर्थात माझ्याकडे. तिकिटं, औषधं, टोप्या, सुके कपडे. ते माझ्या टेबलाशी आले. "मले बाकी काही नोको. एकडाव शून्यावर उभं करा."

मी तेही यादीत लिहिलं.

स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर, गावाच्या नावाखाली, समुद्रसपाटीपासूनची उंची असते. तुम्ही कधी वाचली आहे? ते गोंदियापासून वाचत सुटले. एका घाटाआधी आकडा वाढला तर चेहरा उतरला. "उलटे तं नाही ना चाललो?" कोकण लागलं आणि सगळा डबा ऐकेल असे ओरडले, "मॅडम, दोन आकडी झाला!" मग लहान-मोठे सगळेच पाट्या वाचू लागले. मी वही-पेन काढून आकडे उतरवू लागले.

"काय खलाशी, जहाज कुठं ठेवलं?" आमच्या मोठ्या बाबूंनी डिवचलं.

"हाय ना. तुमच्या पोटामागं दिसत नसन!"

शेवटच्या दिवशी बस रखडली. किनाऱ्याला जेमतेम अर्धा तास उरला आणि मोठ्या बाबूंना काजू घ्यायचे होते. मी यादीतून काजू खोडले.

वाळू लागताच त्यांनी चपला काढल्या, माझी छत्री मागून घेतली आणि पाण्याच्या कडेला उभी धरली. श्वास रोखला. लाट आली, गेली. छत्रीखालची वाळू सरकली, छत्री कलली. ते दोन पावलं पुढे गेले, लाटेनं चार पावलं मागे आणलं. परत पुढे. परत मागे. मग ते माझ्याकडे वळले.

"मॅडम, हे तं हालून राह्यलं!"

एवढ्या लांब आणून यांचं शून्य हरवलं की काय! आणि ते एकदम हसू लागले.

"तीस वर्षं सारे मले म्हनत, हालू नको, हालू नको! अन् शून्यच नाचून राह्यलं!"

मग तेही नाचले. छत्री उंचावून, लाटेसोबत पुढे-मागे. गुडघ्यापेक्षा खोल पाण्यात जायचं नाही, हा नियम माझाच. पण ते कमरेएवढ्या पाण्यात होते आणि त्यांना आणायला गेलेली मीही.

त्यांनी छत्री सरळ धरली. "वाचा, मॅडम!"

"शून्य!"

लाट डोक्यावरून गेली. "आता?"

"शून्यच!"

"हौ! लिहून ठेवा!"

वही ओली झाली होती, तरी लिहिलं.

ते निवृत्त होऊन परसवाड्याकडे गावी गेले. आता उंची मोजायला नवं यंत्र आलं आहे, पट्टी लागत नाही. त्यांची पट्टी माझ्या कपाटामागे असते. परवा कपाट सरकवताना ती कलली. पडायच्या आत मी धरली, जमिनीवर टेकवली, नाकासमोर सरळ केली आणि नकळत श्वास रोखला. समोर वाचायला कोणी नव्हतं.