टबाखालची झोळी

किहीमला आम्ही ज्या बंगल्याची राखण करायचो, तो लढाईनंतर लष्करी सामानाच्या लिलावातून घेतलेला होता. तयार लाकडी भिंती पडावातून, मोठ्या होडीतून, किनाऱ्यावर उतरवल्या, एकमेकींना ठोकल्या, झालं घर. जमीन समुद्राकडे उतरती, त्यामुळे घराची मागची बाजू खांबांवर होती आणि न्हाणीखाली माणूस ताठ उभा राहील एवढी मोकळी जागा होती. शेठ मुंबईला असत. ते नसताना मागची खोली आणि न्हाणी वापरायची आम्हाला मुभा होती.

न्हाणीत पांढरा लोखंडी टब होता. जड धूड नुसतं. बसवणाऱ्यानं मात्र पाट्या टाकल्या होत्या. टबाच्या कडेच्या लाकडी पट्ट्या खिळ्यांवर कशाबशा उभ्या, शॉवरच्या नळीभोवतीची पितळी चकती सैल, आणि पट्टीमागे बोट जाईल एवढी फट. शेठ टबात बसून अंघोळ करत. आम्ही कशाला करू? आपल्याच मळात बसून कोण स्वच्छ होतं? उन्हाळ्यात जवळची विहीर मचूळ व्हायची, म्हणून मी लांबून गोड्या पाण्याच्या घागरी आणून टब भरून ठेवायची आणि आम्ही सगळे टबाच्या बाजूला पाटावर बसून तांब्यानं अंघोळ करायचे. तिथे मोरी नव्हती. पाणी पट्टीखाली शिरायचं आणि फळ्यांमधून खाली ठिबकायचं. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

माझं लग्न ठरायचं होतं त्या उन्हाळ्यात ताई बाळंतपणाला आली. तिचं पहिलं मूल दगावलं होतं. या वेळची मुलगी जगली, पण उकाड्यानं दिवसभर रडायची. गारवा काय तो घराखाली, आणि तिथे तर न्हाणीचं पाणी गळत होतं.

बाबांनी मनावर घेतलं. खिळे गंजून गेले होते. पट्ट्या काढून त्यांनी पितळी स्क्रूंनी बसवल्या, चकती आवळली. कोळीवाड्यातून राळ आणली, होडीच्या फटींत भरतात तशी कापसात कालवून खालून फळ्यांच्या सांध्यांत ठासली. गळणं बंद! बाबा मिशीतल्या मिशीत हसले आणि टबाच्या कडेखालून जाणाऱ्या तुळईला झोळी बांधली. दोरीचं टोक घेऊन ते बाहेर सावलीत बसत आणि दिवसभर नातीला झोका देत.

आई मात्र झोळीपाशी आली की वरच्या फळ्या न्याहाळायची. एकदा म्हणाली, "वर बालंतीण कढत पान्यानं न्हाते, आपन सगली न्हातो. खाली थेंब न्हाय. मग पानी जातंय कुठं?"

"समुद्राला," बाबा म्हणाले. "तुला पानी गललं तरी तरास, न्हाय गललं तरी तरास."

आम्ही हसलो. पण थोड्याच दिवसांत नव्यानं बसवलेली पट्टी फुगून भिंतीपासून सुटली. टबाच्या पायाशी बारीक पांढरी अळंबी उगवली. आई ती उपटायची, पुन्हा यायची. न्हाणीत कुजक्या नारळासारखा वास भरला आणि घागर ओतली की टब कुरकुरायचा. मला त्या आवाजाची भीती वाटू लागली. बाबांना सांगितलं, तर ते खाली जाऊन फळ्यांवरून हात फिरवून आले. कोरड्या ठणठणीत, म्हणाले. खालून त्या खरंच कोरड्या होत्या.

एका सकाळी मी घागर ओतली आणि टबाची कड पट्टीपासून खाली सरकली. अगदी सावकाश, दोन बोटं. इतके दिवस कडेमागे झाकलेली स्वच्छ पांढरी रेघ पट्टीवर उघडी पडली. क्षणभर मला कळेना की मी काय बघते आहे. मग मी जिवाच्या आकांतानं ओरडले, "बाबा, झोळी!"

पायाखाली काहीतरी फाटलं. टब, पाणी, पाट, सगळं एकदम खाली गेलं आणि मी दाराची चौकट धरून लोंबकळत राहिले. खाली बघायची माझी छाती होईना. मग बाळाचं रडणं ऐकू आलं, आणि मी रडू लागले.

धावत खाली गेले. झोळी लटकायची त्याच जागी टब जमिनीत रुतून पडला होता, वर आतून कुजलेल्या मोडक्या फळ्यांचे सुळे. तुळई शाबूत होती. बाबांनी दोरी पार छातीपर्यंत खेचली होती. झोळी तिरपी ताणून त्यांच्या गुडघ्यांशी आली होती. ताईनं मुलीला उचललं आणि ती तिथेच मातीत बसली.

बाबा हलले नाहीत. दोरी तळव्यात रुतून रक्त येत होतं. आई त्यांच्याजवळ बसली आणि त्यांची बोटं एकेक करून सोडवू लागली.

"अवो, सोडा आता. पोर ताईकडं हाय."

बाबा रिकाम्या झोळीकडे बघत होते. त्यांनी मूठ आणखी आवळली.

"नको," ते म्हणाले. "सोडली तर मागं जाईल."