पाच भोकांच्या चाकात समोर कोण?

लेथवाल्याला सगळे ‘सूतभर’ म्हणायचे. हे नाव त्यानं स्वतःच कमावलेलं. कुणी काही कातायला दिलं की मान वर करून म्हणणार, “सूतभर इकडचं तिकडे होणार नाही!” आता सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि याची बढाई मात्र हातभर. बायको पडदे शिवायची. तिच्याकडेही सूतच, पण रिळाचं. लग्नातच कुणीतरी म्हणालं होतं, या दोघांचं सूत जुळणारच. जुळलंही. मधूनमधून गाठी बसायच्या, एवढंच.

गाडी बायकोची. जुनाट, खोकणारी. पण शिवलेले पडदे मागच्या सीटवर टाकून ती रोज टेकडीवरच्या घरांपर्यंत जायची आणि तो उतार एकटी उतरून यायची. चाकांना चार-चार बोल्ट. कुणाचं काही अडलं नव्हतं.

अडलं ते तिच्या भावाचं. तो भंगारवाल्याकडून चार रुंद, चकचकीत चाकं घेऊन आला. “भावोजी, बघा काय माल आणलाय!”

“याला पाच भोकं आहेत,” ती म्हणाली. “आपल्या गाडीला चार.”

“हब बदलायचा,” सूतभर म्हणाला. चाक ज्या लोखंडी थाळीवर बोल्टांनी कसतात, तो हब. “जुनी भोकं बुजवायची, नवी पाडायची. माझ्या डाव्या हाताचा मळ.”

“नव्या नालेसाठी घोड्याचा खूर कापायचा म्हणा की!” ती म्हणाली.

पण मेहुण्यानं पाठ थोपटली, आणि पाठ थोपटली की सूतभर ढोलासारखा वाजायचा. एक हब उतरवला. जुन्या भोकांत आटे पाडून पोलादी बुचं घातली, लेथवर तोंड सपाट केलं. मग नव्या चाकाचं माप घेतलं. आजवर शेकडो चाकांचं घेतलं होतं तसंच, एका भोकाच्या मध्यापासून समोरच्या भोकाच्या मध्यापर्यंत. पाच भोकं पाडली, बोल्ट ठोकून बसवले, हब गाडीला चढवला आणि घरात ओरडून सांगितलं, “झालं गं! चाक लावलं की निघ!”

चाक लागेना.

फिरवून बघितलं, उलट फिरवून बघितलं. एक बोल्ट आत गेला की बाकीचे तोंड वाकडं करायचे. सूतभरनं आधी चाकाला शिव्या घातल्या, मग भंगारवाल्याला.

“थोडंच तर कमी पडतंय,” मेहुणा म्हणाला. “चाकाच्या भोकांवर कानस मारा, होतील लांबट. कुणाला दिसतंय?”

सूतभरनं कानस उचलली. दोन-चार हात मारलेही. तेवढ्यात ती बाहेर आली, गळ्यात टेप, काखेत पडद्यांचं गाठोडं.

“झालं म्हणालात ना?”

“होतंय. जरासं.”

तिनं हब पाहिला, कानस पाहिली. “माप कसं घेतलं?”

“कसं म्हणजे? समोरासमोर!”

तिनं जमिनीवरच्या चाकाच्या एका भोकात बोट घातलं. गळ्यातली टेप काढून चाकाच्या मधोमधून सरळ पलीकडे ताणली. टेपचं टोक दोन भोकांच्या मधल्या कोऱ्या धातूवर गेलं.

“अहो, समोर कोण आहे?”

सूतभर बघत राहिला. चारांत प्रत्येकाला समोरचा असतो. पाचांत कुणालाच नसतो. त्यानं तिरकं माप घेतलं होतं आणि तोच बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास धरला होता. वर्तुळ छोटं पडलं होतं आणि प्रत्येक बोल्ट आत सरकला होता. किती? त्यानं पट्टी लावली. जवळजवळ एक सूत.

मेहुणा फसकन हसला. बहिणीनं डोळे वटारले तसा गप्प झाला.

“अजूनही कानशीनं बसेल,” तो हळूच म्हणाला.

ती मात्र नवऱ्याकडेच बघत होती. “बसेल? मग बसवा. उतारावर मीच असते. तुम्ही म्हणा ‘जा’, मी जाते.”

कानस त्याच्या हातात होती. ‘जा’ म्हटलं असतं तर इभ्रत वाचली असती. लांबट भोकांत चाक आज बसतं, उद्या हलतं आणि परवा उतारावर एकटंच पुढे पळतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? पुन्हा पाच भोकं पाडावीत तर त्या हबची चाळणी झाली असती.

“नको जाऊस,” तो म्हणाला. “चुकलं माझं.”

“आखूड कापलेलं कापड ओढून लांब होत नसतं,” ती म्हणाली, आणि गाठोडं घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी त्यानं भंगारातून जुना चार बोल्टांचा हब शोधून आणला, जुनं चाक पुन्हा चढवलं. चकचकीत चाकं मेहुण्यालाच परत घेऊन जावी लागली. येताना होता तसा रुबाब काही राहिला नव्हता.

बिघडलेल्या हबचे बोल्ट काढून तिनं तो धुऊन पुसून कापड बेतायच्या टेबलावर ठेवला. पडद्याचं कापड सरकू नये म्हणून, छान जड आहे. गिऱ्हाईक विचारतं, “हे काय हो?”

“आमच्या ह्यांचं सूत,” ती म्हणते आणि टेप ताणते.

पलीकडच्या खोलीतला लेथ तेवढ्यापुरता जरा जोरात चालतो.