तांडेलांची वही

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. त्यानं मला समजून घेतलं असतं – आणि तेच मला नको होतं. तुम्हाला सांगतेय, कारण ज्यांना सांगायला हवं होतं ते कॅप्टन काका आता नाहीत.

इथं परदेशात, पुंगोलला, आमच्याच ब्लॉकमध्ये, चार मजले वर, ते मुलीकडे, मेघनाकडे राहायचे. मूळचे रत्नागिरीकडचे. सगळा जन्म मालवाहू जहाजांवर गेलेला, आणि बायको गेल्यावर मेघनानं त्यांना इकडे आणलेलं. शनिवारी सकाळी आम्ही दोघं जेटीपर्यंत चालत जायचो. म्हणजे मी चालायचे. काका दर दहा पावलांवर थांबून बोलायचे.

काय बोलायचे? तीनशे वर्षांपूर्वीच्या कोकणातल्या तांडेलांबद्दल! गलबत हाकणारी ती माणसं काकांना शेजाऱ्यांसारखी ठाऊक होती. नारळी पौर्णिमा झाली की गलबतं पाण्यात पडायची. राजापूरचं कापड घेऊन मलाक्क्याला यायचं, आणि वारा उलटा फिरेपर्यंत तिथंच मुक्काम. कुणी तिथं दुसरा संसारही थाटायचा, असं काका डोळे मिचकावून सांगायचे. तांडेल शिशाच्या गोळ्याला चरबी लावून तो पाण्यात सोडायचा, तळाची माती त्याला चिकटून वर यायची, आणि ती बोटांत चोळून, हुंगून तो सांगायचा – आपण अमक्या खाडीसमोर आहोत. पाण्यात साप दिसू लागले की समजायचं, घरचा किनारा जवळ आला. माझी लेक सोबत असली की ओरडायची, "आजोबा, वन मोर लाह!" काका खूश. खरं सांगते, परदेशात मला माहेर मिळालं ते त्या सकाळींमध्ये. अजूनही शनिवार उजाडला की पाय जेटीकडे वळतात.

हे सगळं एका निळ्या फुलस्केप वहीत होतं. तरुणपणी सुट्टीवर घरी गेले की काका बंदराबंदरांत फिरून म्हाताऱ्या तांडेलांकडून ते उतरवून घ्यायचे. कुणाच्या घरचे मोडी कागद वाचून घ्यायचे. पुढे त्यातले बरेच कागद वाळवीनं खाल्ले, सांगणारेही गेले. उरली ती वही. मी म्हटलं, काका, मी टाइप करते, आपल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेत छापू. मीच म्हटलं. त्यांनी मागितलं नव्हतं.

काकांची एक सवय सांगायला हवी. जहाजावर सुकाणूवरच्या माणसाला हुकूम दिला की तो ऐकलेलं मोठ्यानं परत म्हणतो, म्हणजे चूक होत नाही. काकांनी ही शिस्त घरातही चालवली होती. "मेघना, मीठ दे" म्हटलं की "मीठ देते" असं म्हणावं लागायचं. ती वैतागायची. मला मात्र मजा वाटायची.

"अनघा, वही दिली."

"वही मिळाली, काका." असं मी म्हटलं होतं. मोठ्यानं, हसत.

सोमवारी वही घेऊन मी पाया लेबारच्या ऑफिसात गेले. दुपारी जेवायला हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या मंडपात, ही गर्दी. इथं जागा धरायला टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवतात – त्याला चोप करणं म्हणतात – आणि त्या टेबलावर मग कुणी बसत नाही. माझ्याकडे टिश्यू नव्हते. मी वही ठेवली. हो, ती वही! रांगेत उभी होते, तेवढ्यात बॉसचा फोन आला, आणि मी तशीच, न जेवता, ऑफिसकडे पळाले. आठवण झाली तेव्हा चार वाजले होते. टेबलं पुसणाऱ्या आंटीनं मान हलवली. कचऱ्याच्या गाड्या केव्हाच गेल्या होत्या.

हा गुन्हा नाही. अशी चूक कुणाच्याही हातून होईल. काकांनी शिव्या घातल्या असत्या, चार दिवस अबोला धरला असता, आणि पाचव्या दिवशी नवी वही उघडली असती. आठवत होतं त्यांना सगळं.

पण शनिवारी त्यांनी विचारलं, "वही कुठवर आली?" आणि मी म्हटलं – कसं म्हटलं मी? – "कुठली वही, काका? तुम्ही देणार होतात. दिली कुठे?"

ते हसले. मी थट्टा करतेय असं त्यांना वाटलं. मग म्हणाले, "अगं, तू परत म्हणालीस की."

"नाही हो काका."

तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला. पाहूनही मी पुढे चालू लागले.

मेघनानं घर पालथं घातलं. "बाबा, हल्ली तुम्ही विसरता," ती म्हणाली, आणि मी शेजारी उभी राहून मान डोलावली. त्यांना नोव्हेनाला डॉक्टरकडे नेलं. तपासण्या झाल्या. वयाच्या मानानं सगळं ठीक आहे, असं डॉक्टर म्हणाले. पण काकांचा आता डॉक्टरवरही विश्वास नव्हता, कारण जी गोष्ट त्यांना लख्ख आठवत होती तीच खोटी ठरली होती. नवी वही त्यांनी उघडलीच नाही. काय लिहिणार? आठवतंय ते खरंच घडलं होतं का, हे कुणाला विचारणार? बोलता बोलता थांबायचे आणि मेघनाकडे बघायचे, "बरोबर आहे ना?" मग तेही बंद झालं. खिशात चिठ्ठ्या ठेवू लागले – गोळी घेतली, दार लावलं.

आणि मी? दर शनिवारी त्यांना फिरायला न्यायचे. लोक म्हणायचे, अनघा किती करते त्यांचं.

काका जायच्या महिनाभर आधी एकदा जेटीवर बसलो होतो. काकांनी बाकावरून माझा हात हातात घेतला. म्हणाले, "पोरी, त्या वहीवरून मी तुझ्यावर उगाच आळ घेतला. डोकं ताळ्यावर नव्हतं माझं. मला माफ कर."

तेव्हा तरी सांगता आलं असतं. आजूबाजूला कुणी नव्हतं.

"असू दे, काका. होतं असं," मी म्हटलं. मी त्यांना माफ केलं.